कानात वारं: हेल्मेट काय अडवतं आणि इअरप्लग काय

पुण्यात हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "हेल्मेट घातलं की मागचा हॉर्न ऐकू येत नाही." बाईकवर लांब जाणाऱ्यांच्या कट्ट्यावर बसलात तर नेमकं उलटं ऐकायला मिळतं, "फुल फेस घे, कान वाचतात." भांडण कितीही असलं तरी दोघांनी धरून ठेवलेली समजूत एकच आहे, की हेल्मेट आवाज अडवतं.

मीही तेच धरून चाललो होतो. पहिलं महागातलं हेल्मेट घेताना दुकानदार म्हणाला, "एकदम सायलेंट पीस आहे." डोक्यात घातलं, काच खाली केली. वरचा पंखा, बाहेरची रिक्षा, शेजारच्या गिऱ्हाइकाची घासाघीस, सगळं लांब गेल्यासारखं झालं. पटलं, पैसे मोजले. पुढच्या रविवारी त्याच हेल्मेटमध्ये कोल्हापूर गाठलं. मावशीने विचारलं, "तांबडा वाढू की पांढरा?" ते तिला तीनदा विचारावं लागलं. कानांना दडे बसले होते. रात्री दिवा मालवल्यावर डाव्या कानात बारीक सूं चालू होतं, ते दुसऱ्या दिवशी दुपारी थांबलं.

दुकानात ऐकलं ते खोटं नव्हतं, पण तिथे वारा नव्हता. हेल्मेटमधला थर्माकोल आणि फोम चिरके, उंच पट्टीतले आवाज बऱ्यापैकी दाबतात. खर्जातली घरघर मात्र त्यातून जवळपास तशीच आत येते. हायवेवरचा वाऱ्याचा आवाज मुख्यतः त्याच खर्जातला. शिवाय तो बाहेरून येणारा आवाज नाहीच. हेल्मेटच्या गोल कवचावरून, काचेच्या कडेवरून आणि हनुवटीखालच्या उघड्या भागावरून वारा फाटतो, त्याचे भोवरे होतात आणि आवाज तिथेच जन्माला येतो, कानापासून चार बोटांवर. बासरीच्या तोंडावर फुंकर मारावी तसं. म्हणजे हेल्मेट काही प्रमाणात आवाज अडवतं आणि वेग वाढला की स्वतःच वाजतं.

वाऱ्याच्या या आवाजाची इंग्लंडमध्ये प्रत्यक्ष स्वारांच्या कानाशी मायक्रोफोन लावून मोजणी झाली आहे. ताशी ६० किलोमीटरला साधारण ९० डेसिबल, १६० ला ११० च्या घरात. मधल्या १०० च्या वेगाला आकडा १०० डेसिबलच्या जवळ येतो. डेसिबलची मोजपट्टी सरळ नसते, दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. कामगारांच्या आरोग्याचं काम पाहणारी अमेरिकेची 'नायोश' ही संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा धरते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला वाट्याला येतात फक्त १५ मिनिटं. सलग दोन तास त्या वेगाने गेलात तर आठ दिवसांचा कोटा एका सकाळी संपला.

बुलेटवाल्या मित्रांना हे पटत नाही. त्यांच्या मते सगळा आवाज सायलेन्सरचा. पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडलेले ते फटाके सायलेन्सर शेजारपाजाऱ्यांचे कान किटवतात हे खरंच, पण सायलेन्सरचं तोंड मागे असतं आणि स्वार पुढे पळत असतो. गावातून बाहेर पडून मोकळा रस्ता लागला की स्वाराच्या कानाशी इंजिन मागे पडतं आणि वारा पुढे येतो. त्यामुळे शांत सायलेन्सरच्या गाडीवरही कान तितकेच मार खातात.

आता हेल्मेट घेताना काय बघायचं? आधी कवटी, मग कान. भारतात १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय शिक्क्याचंच विकता येतं. त्याचं मानक आयएस ४१५१. शिक्क्याजवळ परवान्याचा सीएम/एल क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकून दुकानातच तपासता येतो. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्यावं. हा शिक्का आदळल्यावर काय होईल हे सांगतो. वाऱ्यात ते किती वाजेल, याबद्दल तो गप्प असतो. युरोपच्या हेल्मेटांवरच्या ईसीई २२.०६ या मानकाचंही तसंच.

माप घेताना टेप भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून डोक्याभोवती फिरवायचा. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत, इतके की बोलताना गालाचं मांस दातांखाली येतं. हेल्मेट धरून डावी-उजवीकडे फिरवलं तर कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. पट्टा लावून मागून वर ढकलून बघा, निघून येत असेल तर परत ठेवा. आणि पंधरा मिनिटं डोक्यावर ठेवून दुकानात उभे राहा. कपाळावर एकाच ठिकाणी टोचायला लागलं तर ते साताऱ्यापर्यंत डोकं फोडणार. सैल हेल्मेट आवाजालाही वाईट, कारण गालाच्या आणि मानेच्या फटीतून वारा आत घुसतो.

आवाजाच्या दृष्टीने फुल फेस सगळ्यात बरं. पुढून उघडणारं मॉड्युलर त्याच्या जोडांमुळे बहुधा थोडं जास्त वाजतं, आणि हाफ फेसमध्ये तर कान वाऱ्यालाच दिलेले. वर टोपीसारखं छज्जं असलेली अॅडव्हेंचर हेल्मेटं फोटोत झकास दिसतात, वेगात वाऱ्याशी भांडतात. काच घट्ट बसते का, हनुवटीखाली कापडी पडदा आहे का, मानेजवळची गादी जाड आहे का, एवढं पाहिलं तरी फरक पडतो. काच बोटभर उघडी ठेवायची सवय असेल तर बाकी सगळं वाया.

कधी कधी मात्र गुन्हेगार हेल्मेट नसतंच. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, क्षणभर फूटरेस्टवर उभे राहा. आवाज एकदम कमी झाला तर दोष पुढच्या विंडशील्डचा आहे. त्यावरून उसळलेले भोवरे थेट डोक्यावर आदळतायत. माझ्या गाडीची विंडशील्ड मी काढून टाकली तेव्हा हेल्मेटवरचे धपाटे थांबले. छातीवर वारा जास्त बसतो, ते चालतं.

हे सगळं करून मिळतं काय? थोडे डेसिबल. एक जर्मन कंपनी १०० च्या वेगाला ८५ डेसिबलचा दावा करते. तो आकडा विंड टनेलमधला, स्वच्छ वाऱ्यातला. रस्त्यावर ट्रक असतात, आडवा वारा असतो, पुढे विंडशील्ड असते. म्हणून मी शांत हेल्मेटला सोय म्हणतो, संरक्षण म्हणत नाही.

संरक्षणाचं काम इअरप्लगचं. फोमची ती पिवळी-केशरी बोंडं कारखान्यांत वापरतात, ती चहा-वड्याच्या पैशांत मिळतात. हेल्मेट आवाजाच्या वाटेत बाहेर उभं असतं आणि खाली उघडंच असतं. प्लग कानाच्या नळीचं दारच लावतो, त्यामुळे खर्जही अडतो. किती डेसिबल कमी होतात, त्याचा २९ किंवा ३३ असा आकडा पाकिटावर असतो. त्यातला निम्मा धरा, कारण तो आकडा प्रयोगशाळेत नीट बसवलेल्या प्लगचा. निम्मा मिळाला तरी १०० चे ८५ होतात, आणि १५ मिनिटांचे आठ तास.

नीट बसवणं हीच यातली खरी कला, आणि बहुतेक लोक इथेच फसतात. प्लग बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची कड वर आणि मागे ओढायची, म्हणजे नळी सरळ होते. वात आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायची, फोम फुगेपर्यंत. आता दोन्ही तळवे कानांवर झाका आणि काढा. काही फरक वाटला नाही तर प्लग बसला. आवाज कमी-जास्त झाला तर कुठेतरी गळतंय, आणि गळती लागली की पहिल्यांदा खर्जच आत येतो. आपलं बोलणं रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं घुमायला लागलं की ओळखायचं, जमलं. कान वाहत असेल किंवा दुखत असेल तर यातलं काही करायचं नाही, आधी डॉक्टर.

कापूस मात्र चालत नाही. आमच्याकडे "कानात वारं जाईल" म्हणून कापसाचे बोळे घालायची जुनी रीत. थंडी अडते, आवाज फारसा नाही. आणि इअरफोन? दिसायला प्लगसारखे, कानात जातात तसेच, पण काम उलटं. वाऱ्याच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून माणूस आवाज चढवत जातो, आणि वाऱ्यात गाण्याची भर पडते. नॉइज कॅन्सलिंगवाल्यांचंही बहुधा संरक्षणाचं प्रमाणपत्र नसतं.

राहिला हॉर्नचा प्रश्न. प्लगने हॉर्न आणि वारा दोन्ही खाली येतात, त्यामुळे हॉर्न वाऱ्यात जास्त बुडत नाही. उलट भडिमार कमी झाल्यावर कानाला वेगवेगळे आवाज निवडता येतात. पहिल्यांदा प्लग घालून खंबाटकी उतरताना मागच्या ट्रकचा एअरब्रेक मला सुटा ऐकू आला, तो आधी कधी कळला नव्हता. शहरात मात्र मी प्लग घालत नाही. तिथे वेग ३०-४० चा, वाऱ्याचा जोर कमी, आणि मागून कोण कुठून घुसेल याचा नेम नाही.

कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या केसांसारख्या पेशी असतात. त्या मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. मार सगळ्यात आधी बसतो तो ४,००० हर्ट्झच्या आसपास, जिथे स, श, फ सारख्या व्यंजनांची धार असते. म्हणून बहिरेपण येतंय असं वाटतच नाही, लोक तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत असं वाटतं.

कात्रजपर्यंत मी नुसताच जातो. खेड शिवापूरच्या नाक्यापुढे टपरीवर चहा घेतो आणि तिथे प्लग घालतो. चहावाला एकदा म्हणाला, "दादा, कान दुखतोय का?" आधी प्लग, मग हेल्मेट, मग चष्मा, मग हातमोजे. हेल्मेट ओढताना गालाच्या गाद्या प्लगला धक्का देतात, म्हणून ते दोन्ही हातांनी बाजूला ताणून घालायचं. तरी एखादा प्लग सुटतोच. मग हातमोजे काढा, चष्मा काढा, हेल्मेट काढा, आणि तोवर चहाचे पैसे द्यायचे राहिलेत हे आठवतं.