‘द स्ट्रेट स्टोरी’ : खुणा आणि चॅप्टर नसलेली डिस्क

डेव्हिड लिंचचा हा चित्रपट एका खऱ्या प्रवासावर आहे : १९९४ साली अमेरिकेत अॅल्विन स्ट्रेट नावाचा म्हातारा आजारी भावाला भेटायला निघाला. आपल्या हिशेबाने नागपूरहून अमरावती, अकोला करत मलकापूर ओलांडावं एवढं अंतर, सुमारे ३८५ किलोमीटर, गवत कापायच्या यंत्रावर. चित्रीकरण १९९८ साली त्याच रस्त्याने, त्याच क्रमाने झालं. त्यामुळे शेतातले हार्वेस्टर आणि काढणी खरी आहे.

चित्रपटाला सर्व वयोगटांसाठीचा दाखला मिळाला आणि एरवी गूढ, अंगावर येणारे चित्रपट करणारा लिंच मवाळ झाला अशी हाकाटी झाली. त्याच्या नेहमीच्या खुणा तर जागच्या जागी आहेत. सुरुवातीला शेजारीण खायला आणायला आत जाते आणि रिकाम्या अंगणात शेजारच्या घरातून धप्पकन आवाज येतो. म्हाताऱ्याचं पडणं दिसतच नाही. ध्वनिरचना दिग्दर्शकाची स्वतःची. गावातल्या शोला स्पीकर मागच्या कोपऱ्यात ठेवला की ही जागा वाया जाते. तो पडद्याजवळच हवा. पुढे कॅमेरा यंत्रावरून आभाळाकडे जातो, रेंगाळतो, खाली येतो, तर म्हातारा जेमतेम चार हात पुढे. रस्त्यावरचे पिवळे पट्टे याच दिग्दर्शकाच्या १९९७च्या ‘लॉस्ट हायवे’त रात्री सुसाट धावतात, इथे ते दिवसाढवळ्या रांगतात. उतारावर यंत्र हाताबाहेर जातं तेव्हा मागे घर जळतंय. अग्निशामकांचा सराव चाललेला असतो.

खरा वाद डीव्हीडीचा. ११२ मिनिटं सलग, चॅप्टर, म्हणजे रिमोटने थेट उडी मारायच्या ठरलेल्या जागा, एकही नाही. चित्रपट पुस्तकासारखा तोडून पाहू नये, हे दिग्दर्शकाचं म्हणणं, आणि या चित्रपटापुरतं ते बरोबरच आहे. पण आपल्याकडे लाइन जाते. काही प्लेअर परत सुरू झाले की थेट पहिल्या ताऱ्यांवर येतात. ६४व्या मिनिटाला लाइन गेली तर ८ पट वेगानेही ८ मिनिटं मुकाट पुढे ढकलायचं, वर नेमकी जागा निसटते ती वेगळीच. रिमोटवर वेळ टाकायची सोय असेल तर आधी घरी तपासावी. प्लेअर आणि प्रोजेक्टर दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवावेत; नुसता प्लेअर ठेवून भागत नाही, कारण तापलेला दिवा थंड झाल्याशिवाय पुन्हा लागत नाही. अमेरिकी डिस्क रिजन १ची, आपला प्लेअर ५चा (रिजन म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागात चालेल त्याचा क्रमांक), हेही आधीच पाहावं.

आता पेनड्राइव्हमुळे थांबलं तिथून सुरू करता येतं. त्याच सोयीने ‘पुढे घ्या’ म्हणणारेही वाढले. बारमधल्या दोन म्हाताऱ्या सैनिकांच्या गप्पा सगळ्यात आधी पळवल्या जातात आणि त्या बोलण्याखाली हळू मिसळलेले युद्धाचे आवाज राहून जातात.