टायफॉइड ‘निघाला’ म्हणजे काय झालं?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री दहा वाजता खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर एका रिपोर्टचा फोटो पाठवला. पाठोपाठ फोन. “ताई, नातवाला टायफॉइड निघालाय हो. एकशे साठ आहे. फार आहे का?”

नातू कॉलेजात जाणारा, ताप येऊन जेमतेम दोन दिवस झालेले. रिपोर्टवर चार ओळी होत्या. टी-ओ १:१६०, टी-एच १:१६०, ए-एच आणि बी-एच निरंक. खाली ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’. काकूंच्या घरी मधुमेह आहे, त्यामुळे त्यांनी एकशे साठ हा आकडा साखरेच्या आकड्यासारखा वाचला होता. रक्तात टायफॉइड एवढा एवढा, औषधाने उतरेल, मग पुन्हा तपासायचा.

मी पंचवीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतली आणि त्यांतलं माझं सर्वांत लाडकं म्हणजे हीच विडाल चाचणी. लाडक्या पोराचे बाहेर चाललेले उद्योग कानावर यावेत तसं मला हे रिपोर्ट बघून होतं. चाचणी गुणी आहे. पण तिला जे ठाऊकच नाही ते आपण तिच्याकडून वदवून घेतो.

आधी ती काय करते ते बघू. टायफॉइडचा, म्हणजे आजी-आजोबांच्या भाषेत मुदतीच्या तापाचा, जंतू साल्मोनेला टायफी. सूक्ष्मदर्शकाखाली छोटीशी कांडी, आणि अंगाला चहूबाजूंनी पोहण्यासाठी लांब लांब केस, म्हणजे कशाभ. कांडीच्या भिंतीवर साखरेच्या साखळ्या असतात, त्यांना ‘ओ’ म्हणायचं. कशाभांच्या प्रथिनाला ‘एच’. रिपोर्टवरचा ‘टी’ टायफीचा, ‘ए’ आणि ‘बी’ त्याच्या पॅराटायफॉइडवाल्या भावंडांचे. ही अक्षरं जर्मनमधून आली. काचेवर फुंकर मारल्यावर जशी वाफ धरते तशी पातळ साय काही पोहणारे जंतू बशीभर पसरवतात. ‘हाउख’ म्हणजे श्वास, म्हणून एच. ‘ओने हाउख’ म्हणजे श्वासाविना, म्हणून ओ. रिपोर्टवरच्या रुक्ष अक्षरांमागे कुणीतरी काचेवर श्वास सोडून बघितलाय, हे मुलांना सांगताना मला दर वर्षी मजा यायची.

जंतू शरीरात शिरला की आपण त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतो. प्रतिपिंड म्हणजे दुतोंडी आकडा (हूक) समजा. आणि जंतू म्हणजे हजारो कान असलेलं पातेलं. आकड्याचं एक तोंड एका पातेल्याच्या कानात अडकतं, दुसरं शेजारच्या पातेल्याच्या. तिसरं पातेलं त्याला, चौथं तिसऱ्याला, असं करत सगळ्या पातेल्यांचा एक गुंता होतो आणि तो गुंता डोळ्यांना दिसतो. सूक्ष्मदर्शकाशिवाय! एकटा जंतू दिसणं शक्य नाही, पण लाखो जंतू एकमेकांना बांधले गेले की गढूळ दुधट पाण्यात रव्यासारखे कण दिसू लागतात. याला समूहन म्हणतात. सुरुवातीला तयार होणाऱ्या आयजी-एम प्रकारच्या प्रतिपिंडाला दोन नाही, तब्बल दहा तोंडं असतात, त्यामुळे गुठळ्या करण्यात त्याचा हात कुणी धरत नाही.

व्हिएन्नात माक्स ग्रूबर आणि त्यांचे विद्यार्थी हर्बर्ट डरहॅम यांनी हे समूहन १८९६ साली नीट मांडलं. त्यांचा विचार असा, की ओळखीचं सीरम घ्या आणि अनोळखी जंतू ओळखा. त्याच वर्षी पॅरिसमध्ये फेर्नां विडाल यांनी हाच विचार उलटा फिरवला. जंतू ओळखीचा घ्या, आणि रुग्णाच्या सीरममध्ये त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं आहेत का ते बघा. मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला तेच हे साल. म्हणजे चाचणीला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, आणि तत्त्व तेच आहे.

आता तो एकशे साठ. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटतं ते सीरम. ताकात पाणी घालत जावं आणि कितव्या वेळी ताकाची चव पार जाते ते बघावं, तसं इथे करतात. नळ्यांच्या ओळीत सीरम २० पट, ४० पट, ८० पट, १६० पट, ३२० पट पातळ करायचं, प्रत्येकीत मारलेल्या जंतूंचं सारखं पाणी घालायचं आणि रात्रभर उबवणपेटीत ठेवायचं. सकाळी नळ्या उजेडाला धरायच्या. ‘ओ’च्या नळीचा तळ गोल असतो. गुठळ्या झाल्या नसतील तर जंतू तळाशी घरंगळून बटणासारखा घट्ट ठिपका करतात. झाल्या असतील तर तळभर विस्कटलेली चटई दिसते. ‘एच’ची नळी तळाशी निमुळती असते आणि तिच्यात कापसाच्या पिंजलेल्या पेळूसारखे हलके पुंजके तरंगतात. ज्या शेवटच्या नळीत गुठळी दिसली तो तुमचा आकडा. १:१६० म्हणजे सीरम १६० पट पातळ करूनही गुठळ्या झाल्या, ३२० पटीला झाल्या नाहीत. बस, इतकंच. यात जंतू रुग्णाचे नसतातच, ते बाटलीतून आलेले, मेलेले असतात. रक्तातल्या जंतूंची संख्या या आकड्यात कुठेही नाही.

एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कधी कधी पहिल्या नळीत, म्हणजे सीरम सर्वांत दाट असताना, गुठळ्या होतच नाहीत, आणि पातळ केल्यावर होतात. उलटं वाटतं ना? पातेल्यांकडे या. आकडे बेसुमार झाले तर प्रत्येक पातेल्याच्या प्रत्येक कानात आधीच एकेक आकडा लटकलेला असतो. प्रत्येक आकड्याचं दुसरं तोंड मोकळं, पण त्याला पकडायला रिकामा कान शिल्लक नाही. म्हणून पातेली सुटी ती सुटीच. पाणी घालून आकडे कमी केले की कान मोकळे होतात आणि गुंता जमतो. याला प्रोझोन म्हणतात. म्हणजे प्रतिपिंडं सर्वांत जास्त असलेला रुग्ण घाईच्या चाचणीत निगेटिव्ह दिसू शकतो. इथपर्यंत आलं की निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागायचा, तेव्हा तुमचंही तसं झालं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

हल्ली मात्र नळ्या कोण लावतो? गोल आखलेल्या पांढऱ्या कार्डावर सीरमचे ८०, ४०, २०, १० आणि ५ मायक्रोलिटरचे थेंब, त्यावर निळ्या किंवा लाल रंगवलेल्या जंतूंचा थेंब, काडीने ढवळायचं, मिनिटभर कार्ड हलवायचं आणि दिसेल ते लिहायचं. दिवसभरात पन्नास कार्डं वाचणाऱ्या दमलेल्या डोळ्यांना १:८० आणि १:१६० यांत फरक किती दिसत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

पण वाचनातली चूक हा लहान दोष झाला. मोठा दोष असा, की गुठळी अगदी खरी असते आणि तरी टायफॉइड नसतो. साल्मोनेलाचं खटलं मोठं आहे. पॅराटायफॉइडचे जंतू, अर्धकच्च्या अंड्या-मांसातून जुलाब करणारे त्यांचे भाऊबंद, या सगळ्यांच्या भिंतींवरच्या साखळ्या थोड्याफार सारख्या. एकासाठी घडवलेला आकडा दुसऱ्याच्या कानातही बसतो. मलेरिया, डेंग्यू अशा भलत्याच तापांतही जुन्या प्रतिपिंडांची पातळी उसळू शकते. पूर्वी टायफॉइडची टीएबी लस टोचायचे, ती अख्ख्या मेलेल्या जंतूंची असल्याने विडाल हमखास बिघडवायची. आणि आपल्यासारख्या देशात, जिथे नळाचं पाणी आणि पाणीपुरीचं पाणी दोन्ही बेभरवशाची, तिथे धडधाकट माणसांच्या रक्तातही ही प्रतिपिंडं थोडीफार सापडतात. ‘एच’ची प्रतिपिंडं तर वर्षानुवर्षं रेंगाळतात. तीन वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या पाहुण्याची पायताणं दारात दिसावीत आणि आपण चहा ठेवावा, असला प्रकार.

उलट बाजूनेही चाचणी फसवते. ‘ओ’ची प्रतिपिंडं पहिला आठवडा संपता संपता वर येतात, ‘एच’ची आणखी काही दिवसांनी. म्हणजे दुसऱ्या दिवशी खऱ्या टायफॉइडवाल्याची विडाल बहुधा कोरी येणार. काकूंच्या नातवाचं कोडं इथेच उलगडायला लागतं. ताप दोन दिवसांचा आणि दोन्ही आकडे एवढे वर, तर हे प्रतिपिंड आजच्या तापाने घडवलेलं असण्यापेक्षा जुनं असण्याचा संशय जास्त.

म्हणूनच पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की एका विडालवर निदान करू नये. आठ-दहा दिवसांनी दुसरं रक्त घ्यावं आणि आकडा चौपट झाला तरच त्याला अर्थ द्यावा. असं दुसरं रक्त घेतलेलं मी कॉलेजबाहेर क्वचितच पाहिलं. आठ-दहा दिवस थांबायचं तर उपचार कशाच्या भरवशावर करायचे, हाही प्रश्न खराच आहे.

थोडा हिशोब करू, आकडे समजुतीपुरते. ताप आलेले १००० लोक, त्यांत खरा टायफॉइड ५० जणांना. समजा, चाचणी १०० खऱ्या रुग्णांतले ७० पकडते आणि टायफॉइड नसलेल्या १०० पैकी २० जणांना उगाच पॉझिटिव्ह दाखवते. ५० मधले ३५ सापडले. उरलेल्या ९५० मधले १९० उगाच सापडले. एकूण २२५ पॉझिटिव्ह, त्यांत खरे ३५. म्हणजे ‘टायफॉइड निघाला’ म्हणून घरी आलेल्या दर सहा-सात जणांत एकालाच तो आहे. बाकीच्यांचा ताप आपोआप उतरतो आणि श्रेय अँटिबायोटिकला जातं.

गावोगाव कावीळ ‘उतरवून’ देणारे लोक आहेत. रुग्णाचे हात झाडाच्या सालीच्या पाण्यात बुडवायला लावतात, मग चुन्याच्या पाण्यात धुवायला लावतात, आणि पाणी पिवळं होतं. बघा, कावीळ निघाली! तो पिवळा रंग सालीचा आणि चुन्याचा असतो, यकृताचा त्यात काही संबंध नाही. आपण शिकलेले लोक त्याला हसतो. पण रिपोर्टच्या कागदावर छापलेला, बारकोड लावलेला ‘पॉझिटिव्ह’ आपण तसाच डोळे मिटून घेतो. आणि बरं वाटल्यावर ‘टायफॉइड गेला का’ बघायला पुन्हा विडाल करून घेणं तर शुद्ध गंडादोरा. आकडा महिनोन् महिने तिथेच राहणार, आणि त्यावर आणखी एक कोर्स. काही रुग्णांत जंतू पित्ताशयात दडून राहतो हे खरं आहे, पण तो शोधायला शौचाचं कल्चर, म्हणजे त्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघणं, लागतं.

मग खरा पुरावा कोणता? जंतू स्वतः. त्यासाठी रक्ताचं कल्चर. टायफॉइडच्या रुग्णाच्या एक मिलिलिटर रक्तात बहुतेक वेळा जेमतेम एखादा जिवंत जंतू असतो, कधी तोही नाही. म्हणून मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त लागतं. नातेवाईक म्हणतात, “एवढं रक्त कशाला काढता?” याच कारणाने. ते पोषक रसाच्या बाटलीत घालतात. जंतू वाढला की कार्बन डायऑक्साइड सोडतो, बाटलीच्या बुडाशी लावलेल्या चकतीचा रंग बदलतो, आणि यंत्र दर काही मिनिटांनी ती चकती वाचत असतं. वाढ सहसा एक ते तीन दिवसांत कळते. आणि कळल्यावर खरी कमाई: त्याच जंतूवर वेगवेगळी औषधं ठेवून कोणतं लागू पडतं ते बघता येतं. आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिनला टायफॉइडचे जंतू मोठ्या प्रमाणावर दाद देत नाहीत. पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ पासून जी साथ पसरली, तिच्यातल्या जंतूंनी सेफ्ट्रायाक्झोनलाही जुमानलं नाही. उगाच दिलेला प्रत्येक कोर्स या बंडाला खतपाणी घालतो.

कल्चरही देव नाही. खऱ्या रुग्णांतल्या साधारण निम्म्यांना ते पकडतं, आणि आधी अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या पोटात गेल्या असतील तर आणखी कमी. म्हणून बाटली आधी, गोळी नंतर. हा एवढा क्रम पाळला तरी खूप झालं.

रोग मुळातच होऊ न देण्याची बाजू सोपी आहे आणि तिच्यावर लिहायला मला तितकी मजा येत नाही, पण सांगते. २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने मुलांना टायफॉइडची संयुग्म लस देण्याची मोहीम काढली, देशात सरकारी पातळीवर अशी ही पहिलीच. जंतूच्या बाहेरच्या ‘व्ही-आय’ नावाच्या साखरेच्या कवचाला एक प्रथिन जोडून ही लस बनवतात. नुसत्या साखरेला दोन वर्षांखालच्या बाळांचं शरीर नीट ओळखत नाही, प्रथिन जोडलं की ओळखतं. आणि गावात अजून तीच जुनी जोडी: टीसीएल पावडर, म्हणजे पाण्यात टाकायची क्लोरीनची पूड, आणि क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट. नळाच्या पाण्यात ओटीच्या द्रावणाचा थेंब टाकला आणि ते पिवळं झालं की क्लोरीन घरापर्यंत पोचलाय. हा पिवळा रंग मात्र विश्वास ठेवण्याजोगा.

काकूंना मी त्या रात्री एवढंच म्हटलं, की गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना कल्चरबद्दल विचारा. डॉक्टर समंजस निघाले. त्यांनी कल्चरही पाठवलं आणि सोबत डेंग्यूची एनएस-१ चाचणीही. कल्चरमध्ये पाच दिवस काही वाढलं नाही. एनएस-१ मात्र दुसऱ्याच दिवशी पॉझिटिव्ह आली. काकूंचा लगेच फोन.

“ताई, म्हणजे टायफॉइड आणि डेंग्यू, दोन्ही निघालं का हो?”