वीस पट्ट्यांचा ऊस

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. वाळवा तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव. चहा होतोय तोच दाजी म्हणाले, "मास्तर, चला, रानात एक गंमत दाखवतो." आडसाली उसाचा एक एकर. अर्ध्या रानाला त्यांनी एका नव्या द्रव खताची आळवणी केली होती, म्हणजे ते पाण्यात कालवून उसाच्या बुडाशी ओतलं होतं. उरलेलं अर्धं तसंच ठेवलं होतं. आळवणीचा ऊस गर्द हिरवा, फुटवे भरपूर. दुसरीकडचा पिवळट आणि हातभर बुटका.

"डोळ्याला दिसतंय की," दाजी म्हणाले. "आता आणि कसला पुरावा पायजे?"

मी मात्र रानाचा उतार बघत होतो. आळवणी झाली होती ती विहिरीकडच्या, वरच्या अंगाच्या जमिनीला. खालचा भाग ओढ्याला लागून. तिथं बांधाकडेला मातीवर क्षाराची पांढरी खपली आलेली. मी विचारलं, "वरचाच भाग का घेतला?" तर म्हणाले, "खताचा माणूस आलता. तो म्हणला, हितनंच सुरू करूया."

म्हणजे ऊस खतानं वाढला की जमिनीनं, हे त्या रानाकडे बघून कुणालाही सांगता येणार नव्हतं. दाजींना नाही, मला नाही, त्या खताच्या माणसालाही नाही.

परतीच्या वाटेवर एसटीत बसून मला २०१९ सालचं अर्थशास्त्राचं नोबेल आठवत राहिलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना ते जागतिक गरिबी कमी करण्यासाठीच्या प्रयोगाधारित पद्धतीबद्दल मिळालं. आपल्याकडे तेव्हा बॅनर्जी मूळचे भारतीय असल्याचा आनंद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण ही पद्धत नेमकी काय आहे, हे मला भेटलेल्या दहांतल्या नऊ जणांना ठाऊक नव्हतं. 'गरिबांवर प्रयोग करतात' एवढंच डोक्यात, आणि तेही नाक मुरडून. प्रत्यक्षात ही पद्धत जन्मली रानात, दाजींच्या रानासारख्याच रानात.

इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १९१९ साली रोनाल्ड फिशर हा तरुण गणिती रुजू झाला. (त्याच वर्षी आपल्या कराडजवळच्या काले गावात कर्मवीर भाऊराव पाटील रयत शिक्षण संस्थेचं रोप लावत होते.) केंद्राकडे खतांच्या चाचण्यांच्या नोंदींचा वर्षानुवर्षांचा ढीग होता. फिशरपुढचा प्रश्न दाजींचाच होता. कुठलीही दोन रानं सारखी नसतात. एकात ओल जास्त, एकात क्षार, एकात मागच्या साली हरभरा होता, एकाला दुपारनंतर चिंचेची सावली. दिसणारे फरक तरी वेगळे काढता येतील, पण न दिसणाऱ्यांचं काय करायचं?

फिशरचं उत्तर ऐकायला उद्धट वाटतं. फरक शोधत बसूच नका, चिठ्ठी टाका. रानाचे बारके पट्टे पाडा, आणि कुठल्या पट्ट्याला खत घालायचं ते माणसानं ठरवायचं नाही, चिठ्ठीनं ठरवायचं. चिठ्ठीला ओल दिसत नाही, क्षार दिसत नाही, विहीर कुणीकडे आहे ते कळत नाही. त्यामुळे चांगली जमीन दोन्ही गटांत साधारण सारखी वाटली जाते, आणि पट्टे जितके जास्त तितकी ती अधिक सारखी होत जाते. ज्या फरकांची आपल्याला कल्पनाही नाही, तेही असेच वाटले जातात. मला ही विसाव्या शतकातली फार मोठी कल्पना वाटते.

पण खरी कमाल पुढे आहे. इथं थोडा हिशेब लागेल. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर उत्तम.

सहा पट्टे घेऊ. चिठ्ठीनं तीन निवडले, त्यांना आळवणी केली. तोडीच्या वेळी एकरी उतारा निघाला ५८, ५५, ५३, ५०, ४८ आणि ४६ टन. समजा आळवणीचे तीन पट्टे ५८, ५५ आणि ५३ चे, म्हणजे सगळ्यात वरचे तीन निघाले. खत लागू पडलं म्हणायचं का?

आता त्या बाटलीत नुसतं विहिरीचं पाणी होतं असं धरून चला. तसं असेल तर हे सहा आकडे काही झालं तरी हेच आले असते. जमिनीनं, पाण्यानं, बेण्यानं ठरवलेले आकडे ते. बदलण्यासारखी गोष्ट एकच होती, आपण चिठ्ठीत कुठले तीन काढले ती. सहांतून तीन किती प्रकारे निघतात? पहिली चिठ्ठी सहांपैकी, दुसरी उरलेल्या पाचांपैकी, तिसरी चारांपैकी. सहा गुणिले पाच गुणिले चार म्हणजे १२०. पण क्रमाला महत्त्व नाही आणि प्रत्येक त्रिकूट सहा वेळा मोजलं गेलंय, म्हणून १२० भागिले ६, म्हणजे २० प्रकार. यांतल्या एकाच प्रकारात वरचे तिन्ही पट्टे एकदम हाती येतात. म्हणजे बाटलीत पाणी असतानाही असा निकाल दिसण्याची शक्यता विसात एक.

आणि निकाल जरा कमी देखणा असता, आळवणीला ५८, ५५ आणि ५० आले असते तर? वीस त्रिकुटांतून याच्या तोडीची किंवा याहून सरस अशी दोनच निघतात, हे एक आणि वरच्या तिघांचं. दोन भागिले वीस, दहात एक. तेवढ्यावर मी तरी बाटली विकत घेणार नाही.

या हिशेबात मातीबद्दल आपण काहीही गृहीत धरलेलं नाही. क्षार किती, ओल किती, कशाचीही गरज पडली नाही. गरज फक्त चिठ्ठी प्रामाणिक असण्याची. खताच्या माणसानं पट्टे निवडले तर हा हिशेब करताच येत नाही, कारण त्यानं कसे निवडले याचं गणित कुठल्याच कागदावर मांडता येत नाही. एक गफलत मात्र टाळायची. विसात एक म्हणजे 'खत खोटं असण्याची शक्यता पाच टक्के' नव्हे. खत खोटं असताना असं दिसण्याची ती शक्यता आहे. ही दोन वाक्यं वेगळी आहेत आणि भले भले इथं घसरतात. पट्टे वीस घेतले आणि त्यांतले दहा काढायचे ठरवले, तर निवडीचे प्रकार होतात १,८४,७५६. मग योगायोगाला लपायला फारशी जागा उरत नाही.

ही चिठ्ठी रानातून दवाखान्यात गेली. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटनमधली १९४८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी याच तत्त्वावर होती. बॅनर्जी, डफ्लो, क्रेमर आणि त्यांच्या सोबत्यांनी ती शाळेत, वस्तीत आणि बाजारात नेली.

केनियातल्या बुसिया भागातलं जंतांचं काम घ्या. क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी १९९८ पासून तिथल्या ७५ शाळांमध्ये जंतनाशक गोळ्या टप्प्याटप्प्यानं दिल्या, २५-२५ शाळांच्या तीन गटांत. गोळ्या मिळायला अजून अवकाश असलेल्या शाळा आपोआप तुलनेच्या शाळा झाल्या. काटेकोर अर्थानं ही चिठ्ठी नव्हती. याद्या वर्णानुक्रमे लावून दर तिसरी शाळा एका गटात घातली होती.

पण एका शाळेतल्या अर्ध्या मुलांना गोळी आणि अर्ध्यांना नाही, असं का केलं नाही? कारण जंत. अंकुशकृमीची अंडी विष्ठेतून मातीत पडतात, अळ्या होतात, अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात, रक्तातून फुप्फुसात जातात, तिथून घशात येऊन गिळल्या जातात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. एका मुलाचे जंत गेले की त्या आवारातल्या मातीत पडणारी अंडी कमी होतात, आणि गोळी न घेतलेल्या शेजारच्या पोरालाही फायदा होतो. मग दोघांची तुलना केली तर फरक कमी दिसतो आणि गोळी कुचकामी ठरते. आपल्याकडे एका सरीला दिलेलं खत पाझरून शेजारच्या सरीला लागतं, तशातलाच हा प्रकार. म्हणून चिठ्ठी मुलांची नाही, अख्ख्या शाळांची काढायची. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार शाळेतली गैरहजेरी साधारण पाव हिश्शानं घटली. परीक्षेतल्या गुणांत मात्र फरक पडला नाही. पुढे २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हे आकडे पुन्हा तपासले, काही चुका सापडल्या, जोरदार वाद झाला आणि गोळ्यांचा परिणाम सगळीकडे एवढा मोठा असतो का, यावर तो आजही चालू आहे. मला त्यानं या पद्धतीबद्दल जास्तच विश्वास वाटतो. ज्याची मोजणीच झाली नाही, त्यावर असा वाद घालता येत नाही.

दुसरं उदाहरण राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातलं. सेवा मंदिर संस्थेबरोबर १३४ गावांची चिठ्ठीनं विभागणी झाली. काही गावांत लसीकरणाचं शिबिर दर महिन्याला ठरल्या दिवशी, न चुकता. काहींत तेच शिबिर, वर प्रत्येक लशीमागे किलोभर डाळ आणि सगळ्या लशी पुऱ्या झाल्या की स्टीलच्या थाळ्या. उरलेल्या गावांत नेहमीचीच सोय. संपूर्ण लसीकरण झालेली मुलं नेहमीच्या गावांत ६ टक्के, नेमानं शिबिर झालेल्या गावांत १८, डाळ दिलेल्या गावांत ३९. शिवाय डाळीचा खर्च धरूनही दर मुलामागचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला, कारण नर्स तेवढ्याच दिवसात कितीतरी जास्त मुलांना लस टोचू लागली. 'लोक अडाणी आहेत, लशीला घाबरतात' या आपल्या लाडक्या स्पष्टीकरणाला हा आकडा चांगलीच चपराक देतो. अनेक आयांना लस नको नव्हती. आज रोजगार बुडवून जायचं की पुढच्या महिन्यात, एवढाच प्रश्न होता, आणि किलोभर डाळीनं त्याचं उत्तर 'आजच' असं करून टाकलं.

धंद्याच्या बाबतीत चिठ्ठीनं बऱ्याच जणांचा हिरमोड केला. छोट्या कर्जांनी बाया गरिबीतून वर येतात, या कल्पनेचा एके काळी नुसता गजर चालू होता. हैदराबादेत १०४ वस्त्यांपैकी ५२ चिठ्ठीनं निवडून तिथं कर्जसंस्थेच्या शाखा उघडल्या. दीड वर्षाच्या आसपास बघितलं, तर धंद्यातली गुंतवणूक थोडी वाढली होती, पण घरचा दरमहाचा खर्च, मुलांचं शिक्षण, आरोग्य किंवा घरात बाईच्या शब्दाला असलेली किंमत यांत ठळक फरक नव्हता. २०१५ साली सहा देशांतले असे अभ्यास एकत्र छापले गेले, आणि सूर साधारण तोच निघाला. याचा अर्थ कर्ज वाईट असा नाही. अडीअडचणीला सावकाराच्या दारात जावं लागू नये, हे मोठंच काम आहे. पण गावागावांतून हप्ते गोळा करत फिरणारे 'ताई, तुमचं आयुष्य बदलेल' असं सांगतात, तेव्हा हा निकाल कुणीतरी त्या ताईला सांगायला हवा.

तुलना नसली की काय होतं, याचा नमुना आपल्या भागात आजही सापडतो. कावीळ झाली की माळ घालून घेतात. माळ दिवसेंदिवस लांबते, गळ्यातून छातीवर, छातीवरून पोटावर उतरते, आणि माळ उतरली तशी कावीळ उतरली म्हणतात. ओल्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. दूषित पाण्यातून होणारी 'अ' प्रकारची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत शरीर स्वतःच बरी करतं. माळ न घातलेल्यांची गिनती कुणी ठेवत नाही, त्यामुळे श्रेय माळेला जातं. ज्याची कावीळ वेगळ्या कारणाची असते, पित्तनलिका अडलेली असते, त्याचे मात्र मोलाचे दिवस यात जातात. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर माणसांना पडताळून बघायला सांगत होते, ते अशाच दिवसांसाठी.

सगळंच चिठ्ठीनं तपासता येत नाही, हेही खरं. म्हैसाळ योजनेचं पाणी कुठल्या गावाला जायचं, हे चढ, पंप आणि कालवा ठरवतात. तिथं चिठ्ठी चालत नाही, दुसऱ्या वाटा शोधाव्या लागतात. आणि 'काहींना देता, काहींना नाही, हा अन्याय नाही का?' असं विचारणाऱ्यांना मी 'प्रथम' या शिक्षणसंस्थेचं मुंबई-बडोद्यातलं बालसखीचं काम सांगतो. मागे पडलेल्या मुलांना शिकवणारी ताई काही शाळांत तिसरीला दिली, बाकीच्यांत चौथीला. प्रत्येक शाळेला काहीतरी मिळालं आणि तुलनाही झाली.

यंदाच्या आषाढात दाजींच्या रानात पुन्हा उसाची लागण झाली. दाजींनी फोन करून बोलावून घेतलं. एकराचे जेमतेम दोन-दोन गुंठ्यांचे वीस पट्टे पाडले, मधली एकेक सरी मोकळी सोडली. स्टीलच्या डब्यात वीस चिठ्ठ्या. तिसरीतल्या नातीनं दहा काढल्या. तीन, चार, पाच असे लागोपाठ आले, तसे दाजी अस्वस्थ झाले. "हे काय मास्तर, एका जागीच आलं की. परत काढ गं, पोरी."

मी म्हणालो, "परत काढायची नाही. आपल्याला पटेपर्यंत चिठ्ठी काढत राहिलो, तर निवडलं आपणच की."

त्यांनी जरा विचार केला आणि मुकाट्यानं त्या पट्ट्यांच्या टोकाला लाल रिबिनीच्या काठ्या रोवल्या. तोड पुढच्या हंगामात आहे. परवा फोनवर त्यांचं एकच पालुपद चाललं होतं. टोळीशी बोलून ठेवलंय, दर पट्ट्याची मोळी वेगळी बांधायची, ताणकाट्यावर वेगळी तोलायची. आणि तोडीच्या आदल्या रात्री रिबिनी काढून टाकायच्या, म्हणजे काट्यावर उभ्या असलेल्या माणसाला कुठला पट्टा कसला ते कळणार नाही.

हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.