मागील इंजिनाच्या जुन्या रॅली मोटारी : सिम्युलेटरमधील हाताळणी

इंजिन मागच्या आसाच्याही मागे असलेल्या, साधारणपणे १९६० ते १९८५ या काळातल्या रॅली मोटारी संगणकीय सिम्युलेटरमध्ये चालवण्याचे तंत्र. आल्पिन ए११० आणि पोर्शे ९११ ही या प्रकारची दोन प्रमुख उदाहरणे. लान्सिया स्ट्रॅटोस, लान्सिया ०३७ किंवा रेनॉ ५ टर्बो या मोटारींना अनेकदा याच गटात टाकले जाते, पण ते चूक आहे. त्यांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे असले तरी मागच्या आसाच्या पुढे, म्हणजे मोटारीच्या मध्यभागी असते. हा फरक कागदावर हातभर अंतराचा दिसतो. वळणात मात्र त्या दोन पूर्णपणे वेगळ्या जातीच्या मोटारी असतात.

रॅलीच्या इतिहासात या रचनेचे स्थान मोठे आहे. फोक्सवागन बीटलने १९६२ मध्ये ईस्ट आफ्रिकन सफारी जिंकली. रोझमेरी स्मिथ यांनी १९६५ ची ट्युलिप रॅली हिलमन इम्प या छोट्या मोटारीतून जिंकली. कॉर्सिका बेटावरच्या तूर द कोर्समध्ये १९६४ ते १९६६ अशी सलग तीन वर्षे रेनॉ ८ गोर्दिनी पहिली आली. पोर्शे ९११ ने माँटे कार्लो रॅली १९६८ मध्ये विक एल्फर्ड यांच्या हातून, तर १९६९ आणि १९७० मध्ये ब्यॉर्न वाल्डेगार्ड यांच्या हातून जिंकली. दिएप गावचे झाँ रेदेले यांनी उभ्या केलेल्या आल्पिन कंपनीने त्यावर कळस चढवला. जागतिक रॅली अजिंक्यपद सुरू झाले ते १९७३ साली, आणि निर्मात्यांचे ते पहिलेच विजेतेपद आल्पिन-रेनॉने मिळवले. त्या वर्षीच्या माँटे कार्लोत आंद्र्युए, अँडरसन आणि निकोला असे तिघे ए११० घेऊन पहिल्या तीन क्रमांकांवर होते. स्कोडा १३० आरएस या मोटारीने १९७७ च्या माँटे कार्लोत १३०० घनसेंमी गटात बाजी मारली.

या यशाचे कारण चारही चाकांना इंजिनाची शक्ती देण्याच्या (फोर-व्हील ड्राइव्ह) आधीच्या काळात आहे. फक्त दोनच चाकांना शक्ती मिळत असेल, तर त्या चाकांवर जितके वजन जास्त तितकी मोटार बर्फावरून आणि खडीवरून नेटाने पुढे जाते. ९११ मध्ये सुमारे ६० टक्के वजन मागच्या चाकांवर असते. सुटताना, चढावर आणि वळणातून बाहेर पडताना पुढे इंजिन असलेल्या मोटारींची चाके जागच्या जागी फिरत राहत, तेव्हा या मोटारी निघून गेलेल्या असत. ब्रेक लावण्यातही फायदा होतो. ब्रेक दाबल्यावर वजन पुढे सरकते आणि मुळात मागे जड असलेल्या मोटारीत चारही चाकांवर भार बराचसा सारखा येतो, त्यामुळे चारही टायर काम करतात.

किंमत वळणात मोजावी लागते. बाणाचे वजन टोकाला असते म्हणून तो सरळ जातो. तेच वजन पिसांकडे नेले तर तो हवेत उलटायला बघतो. मागे जड असलेल्या मोटारीचे तसेच आहे. वळणात मागच्या टायरना जास्त वजन सांभाळावे लागते, पण टायरवरचा भार दुप्पट केला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून पुढेमागे सारखेच टायर असतील तर मागचे आधी हार मानतात. नंतरच्या काळात ९११ च्या मागच्या चाकांना रुंद टायर देण्यात आले ते यासाठी. त्यात इंजिन आसाच्या पलीकडे लोंबत असल्याने मोटारीचे फिरण्याविरुद्धचे जडत्व मोठे असते : ती फिरायला उशिरा लागते आणि एकदा फिरू लागली की थांबायलाही उशीर लावते.

सर्वांत नाजूक क्षण म्हणजे वळणाच्या मध्यात ॲक्सिलरेटरवरून पाय उचलणे. त्या एका हालचालीत दोन गोष्टी एकदम घडतात. वजन पुढे सरकून मागच्या टायरवरचा भार घटतो, आणि इंजिनाचा रोध त्याच टायरची उरलीसुरली पकड खातो. आल्पिन ए११० १६०० एससारख्या झुलत्या अर्ध-आसांच्या मोटारीत, म्हणजे मागचे प्रत्येक चाक आपल्या अर्ध्या आसासकट वरखाली झुलते अशा मोटारीत, तिसरी भर पडते. मागचा भाग वर उचलला गेला की चाके खालून आत मुडपतात आणि टायर रस्त्यावर नीट सपाट टेकत नाही. पोर्शेने ९११ मध्ये ही रचना टाळली, तरी मूळ दुखणे गेले नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यावर कंपनीने पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत प्रत्येकी ११ किलोची वजने बसवली, आणि १९६९ च्या मॉडेलपासून दोन आसांमधले अंतर २२११ वरून २२६८ मिलिमीटर केले. सिम्युलेटरमध्ये पहिल्यांदा गिरकी खाणारा चालक खेळाच्या भौतिकीला दोष देतो. त्याने हे आकडे लक्षात ठेवावेत; खुद्द निर्मात्यालाही लोखंडाच्या वजनांचा आधार घ्यावा लागला होता.

सिम्युलेटरची अडचण वेगळीच आहे. खऱ्या मोटारीत मागचा भाग सुटू लागल्याचे चालकाला सीटमधून, कमरेला कळते. घरातल्या खुर्चीला ते माहीत नसते. उरते स्टीअरिंगमधले फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटरच्या साहाय्याने हाताला जाणवणारा जोर, आणि ते प्रामुख्याने पुढच्या चाकांवरचे बल सांगते. इतर मोटारींत हे चालून जाते, कारण तिथे बहुतेक घडामोडी पुढेच होतात. या मोटारींत बातमी मागे घडते आणि स्टीअरिंग मात्र पुढची सांगते. तीही हलक्या आवाजात, कारण पुढच्या चाकांवर वजनच कमी. माझ्या मते सिम्युलेटरमध्ये या मोटारी प्रत्यक्षाहूनही कठीण वाटण्याचे खरे कारण हेच आहे. म्हणून इथे दुरुस्तीपेक्षा अंदाज महत्त्वाचा. मागचा भाग किती सुटला हे पाहून वागणाऱ्याला नेहमीच उशीर होतो; या क्षणी वजन कुठे आहे आणि आपण ते कुठे पाठवत आहोत, याचा हिशेब चालकाला मनातच चालू ठेवावा लागतो.

कान इथे डोळ्यांपेक्षा उपयोगी पडतात. मागची चाके सुटली की इंजिनाचा आवाज वेगाच्या मानाने चढतो, आणि पडद्यावर मोटार आडवी दिसण्याआधी तो ऐकू येतो. संगीत किंवा गप्पा लावून या मोटारी चालवणे म्हणजे आपल्या हाताने एक इंद्रिय बंद करणे होय.

नेहमीची चूक एका साखळीने घडते, आणि ती कडी कडी करून समजून घेण्यासारखी आहे. चालक वळणात थोडा जास्त वेगाने शिरतो. पुढची चाके हलकी असल्याने मोटार वळत नाही, सरळ घसरत जाते. तो स्टीअरिंग आणखी वळवतो. तरी वळत नाही, म्हणून घाबरून पाय उचलतो. आता वजन पुढे येते, आधीच जास्त वळवून ठेवलेली पुढची चाके अचानक पकड घेतात, त्याच क्षणी मागची चाके हलकी होतात आणि मोटार चाबकासारखी फिरते. चालकाला आठवते ती शेवटची गिरकी; चूक मात्र शंभर मीटर आधी, ब्रेक लावण्याच्या जागी झालेली असते. साखळी तोडायची जागा मधली आहे. मोटार वळत नसेल तर स्टीअरिंग थोडे सोडावे, ॲक्सिलरेटर हलका पण दाबलेलाच ठेवावा आणि डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करावा. पुढे भार येतो, मागच्या चाकांची ओढ तुटत नाही आणि मोटार वळू लागते. सिम्युलेटरमध्ये पेडल मोकळे असल्याने डाव्या पायाचा ब्रेक शिकणे सोपे जाते, आणि या मोटारींसाठी ते शिकावेच.

साखळी मुळात सुरूच होऊ नये यासाठी वेग सरळ रेषेत, वळण सुरू होण्याआधी उतरवावा. ब्रेक एकदम न सोडता हळूहळू सोडत वळणात शिरावे, म्हणजे पुढची चाके भाराखाली राहतात. मोटारीचे तोंड वळले की लगेच ॲक्सिलरेटर द्यावा आणि नंतर तो मागे घेऊ नये. वळणाचा कोन यापुढे हातांनी कमी आणि उजव्या पायाने जास्त ठरतो : थोडा जास्त दाबला की मार्ग रुंदावतो, किंचित कमी केला की आखडतो. इथे ‘किंचित’ हा शब्द अक्षरशः घ्यावा. पेडलचे कॅलिब्रेशन (संगणकाशी जुळवणी) नीट नसेल किंवा सुरुवातीचा डेडझोन, म्हणजे दाबूनही परिणाम न होणारा पट्टा, मोठा असेल, तर असा बारीक फेरबदल करता येत नाही आणि दोष मोटारीला लागतो.

मागचा भाग घसरू लागला की पुढची चाके आपसूक प्रवासाच्या दिशेला वळू पाहतात, म्हणजे उलट स्टीअरिंग मोटार स्वतःच देऊ लागते. चालकाने स्टीअरिंगची रिंग घट्ट धरून तिला अडवू नये. हातांतून सरकू द्यावी आणि योग्य कोनावर पकडावी. त्यासाठी सिम्युलेटरच्या स्टीअरिंगमधले डॅम्पिंग (फिरण्याला होणारा कृत्रिम रोध) कमी ठेवावे, नाहीतर रिंग उशिरा फिरते. त्याहून अवघड आहे ते उलट स्टीअरिंग वेळेत परत घेणे. मागचे जड टोक परतताना मध्यावर थांबत नाही, आणि पहिल्या घसरणीतून वाचलेले चालक बहुधा दुसऱ्या बाजूच्या झाडावर आदळतात.

हेअरपिनसाठी, म्हणजे जवळजवळ उलट फिरवणाऱ्या तीव्र वळणासाठी, स्कँडिनेव्हियन फ्लिक, म्हणजे आधी उलट दिशेला झोका देऊन मग वळणात शिरणे, या मोटारींना छान जमतो. फक्त झोका लहान हवा. हँडब्रेकही टिचकीपुरता. सुरुवात करून दिली की पुढचे काम मागचे वजन करते.

खडीवर घसरण हळूहळू वाढते, म्हणून शिकायला खडीच बरी. कोरड्या डांबरावर पकड सुटायची ती झटक्यात सुटते. उंचवट्यांवर पुढची चाके आणखी हलकी होतात; स्टीअरिंग आधीच सरळ करावे आणि माथ्यावर पाय उचलू नये.

सेटिंगबाबत एकच सावधगिरी पुरेशी आहे. मोटार वळत नाही म्हणून नवखे चालक पुढचा अँटीरोल बार (वळणात मोटारीचे कलणे रोखणारा दांडा) मऊ करतात किंवा मागचा कडक करतात. वळणातला प्रवेश सुधारतो, पण गिरक्या वाढतात. उलट केल्यास मोटार शांत होते आणि प्रवेशाची उणीव ब्रेकने भरून काढता येते. पाय उचलल्यावर डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) जास्त लॉक होईल असे ठेवले, तर ती गिरकीही मंदावते.

रिचर्ड बर्न्स रॅली हे २००४ चे सिम्युलेटर, चाहत्यांनी घडवलेल्या नव्या भौतिकीमुळे आणि मोटारींमुळे, अशा सरावासाठी आजही वापरात आहे. २०१९ च्या डर्ट रॅली २.० मध्ये आल्पिन ए११० १६०० एस आणि पोर्शे ९११ एससी आरएस या दोन्ही मोटारी आहेत. आल्पिनपासून सुरुवात करणे इष्ट : तिची शक्ती कमी असल्याने चुका सावकाश उलगडतात. सरावाला घाटरस्ता निवडावा आणि तोच रस्ता दोन्ही दिशांनी चालवावा. माँटे कार्लो रॅलीतली १६०७ मीटर उंचीची तुरिनी खिंड चढताना वजन मागे आणि पाय ॲक्सिलरेटरवर असतो, तेव्हा ए११० इतकी समजूतदार मोटार दुसरी नाही असे वाटते. माथा ओलांडून उतार लागला की वजन पुढे येते, पाय आपोआप उचलला जाऊ पाहतो, आणि चढताना सहज गेलेले प्रत्येक वळण नव्याने शिकावे लागते.