पाय बधिर, मग दुखेल कसं?

पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला इजा झालेल्यांबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘संवेदना गेली की तिथे दुखूच शकत नाही, बाई दुखतंय म्हणाली तर तो मनाचा खेळ.’

वरवर पटण्यासारखंच आहे हे. तार तुटली, निरोप थांबला. पण वेदना पायात तयार होत नाही, मेंदूत होते. इजेच्या वरच्या भागातल्या चेतापेशी निरोप थांबल्यावर गप्प बसत नाहीत, उलट जास्त चेततात आणि आपणहून संदेश पाठवू लागतात. म्हणून टाचणी टोचलेली न कळणाऱ्या पावलातही रात्री निखाऱ्यावर ठेवल्यासारखी आग होते, विजेचे झटके बसतात. हे पुरुषांनाही होतं, बायकांनाही.

मग बायकांचं वेगळं काही नाही? आहे, पण ते मनाचं नाही. 2015 मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात दिसलं, की चेतातंतूच्या इजेनंतरची वेदना नरांमध्ये मेंदू-मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या संरक्षक पेशींवर अवलंबून होती. माद्यांमध्ये त्या पेशी थोपवूनही वेदना टिकली. माणसांतला हिशेब अजून पुरता लागलेला नाही. या इजेच्या रुग्णांत पुरुष बरेच जास्त, त्यामुळे अभ्यासही बहुतेक त्यांच्यावरच झाले.

बरं होण्याचा अंदाज मात्र मुख्यतः इजा कुठल्या मणक्यापाशी आणि किती पूर्ण, यावरून बांधतात. डॉक्टर शरीराच्या प्रत्येक बाजूला 28 ठिकाणी कापूस आणि टाचणी लावून संवेदनेला गुण देतात. तो तक्ता मागून बघा. त्यात शून्य, म्हणजे संवेदना नाही, असं लिहिलेल्या जागी रुग्ण जळजळ सांगत असेल, तर ‘जळतंय, टोचतंय की झटके बसतात?’ असं विचारा आणि उत्तर डॉक्टरांना कळवा. या वेदनेची औषधंही नेहमीच्या वेदनाशामकांपेक्षा वेगळी असतात.