बार किती, मिनिटे किती: बरोक कॉन्चेर्टोतले लयीचे गणित

जर्मन संगीतकार बाखच्या दोन व्हायोलिनांच्या डी मायनर कॉन्चेर्टोत (एकल वाद्ये आणि वाद्यवृंद यांच्या रचनेत) तीन मूव्हमेंट, म्हणजे स्वतंत्र भाग, आहेत. पहिलीत ८८ बार (ठरावीक ठोक्यांचे गट, आपल्या आवर्तनासारखे), मधल्या संथ मूव्हमेंटमध्ये ५० आणि शेवटच्या जलद मूव्हमेंटमध्ये १५४, म्हणजे एकूण २९२. कागदावर मधला भाग सर्वांत लहान, जेमतेम १७ टक्के. पण ध्वनिमुद्रण लावून घड्याळ पाहिले, तर बहुतेक वेळा तोच सर्वांत लांब भरतो. बरोक (साधारण १६०० ते १७५० मधल्या युरोपीय) संगीतातल्या प्रमाणांबद्दल बोलणारे अनेकजण इथेच घसरतात. ते बार मोजतात आणि निष्कर्ष काळाबद्दल काढतात.

हिशोब सोपा आहे. बारची संख्या गुणिले एका बारमधले ठोके, भागिले दर मिनिटाचे ठोके. उत्तर मिनिटांत मिळते. पहिल्या मूव्हमेंटमध्ये बारला चार क्रॉचेट (इथे एक क्रॉचेट म्हणजे एक ठोका), म्हणून ८८ × ४ = ३५२; मिनिटाला ९२ या लयीत ३ मिनिटे ५० सेकंद. तिसरीत बारला तीन, म्हणून १५४ × ३ = ४६२; मिनिटाला १०० धरले तर ४ मिनिटे ३७ सेकंद. मधली १२/८ मध्ये आहे, म्हणजे बारमध्ये तीन-तीन क्वेव्हरचे (क्वेव्हर म्हणजे अर्धा क्रॉचेट) चार मोठे ठोके. ५० × ४ = २००; मिनिटाला ३२ ठोके धरले तर सव्वासहा मिनिटे. पावणेपंधरा मिनिटांच्या या रचनेत १७ टक्के बारांनी ४२ टक्क्यांहून अधिक वेळ घेतला.

या लयी आजच्या वादकांच्या सवयीतल्या आहेत. बाखने आकडे लिहिलेले नाहीत, आणि मेल्त्सेलच्या मेट्रोनोमचे (ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्राचे) पेटंट १८१५ चे. मग त्या काळी लय ठरवायची कशावरून? याचे सर्वांत नेमके उत्तर क्वांट्सच्या १७५२ च्या बासरीविषयक ग्रंथात आहे. क्वांट्स हा प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचा बासरीशिक्षक. त्याचे माप होते निरोगी, प्रसन्न माणसाची दुपारच्या जेवणानंतरची नाडी, मिनिटाला सुमारे ८० ठोके. ४/४ मध्ये (बारला चार क्रॉचेट) आलेग्रो आस्साई, म्हणजे अतिजलद, असेल तर अर्ध्या बारला नाडीचा एक ठोका. आलेग्रेत्तोला (बेताच्या जलद लयीला) दर क्रॉचेटला एक. आदाजिओ कांताबिलेला (संथ, गात्या ढंगाच्या लयीला) दर क्वेव्हरला एक. आदाजिओ आस्साईला (अतिसंथ लयीला) दर क्वेव्हरला दोन. क्रॉचेटच्या भाषेत हे मिनिटाला १६०, ८०, ४० आणि २० होतात. आपल्याकडे ठाय, दुगुन, चौगुन जसे एकाच मात्रेतून निघतात, तसे हे चारही वेग एकाच नाडीतून निघतात. आलेग्रो आस्साई आणि आलेग्रेत्तो यांच्यामध्ये तो एक मध्यम आलेग्रोही ठेवतो.

१२/८ मधल्या सिचिलियानोसाठी (झुलत्या चालीच्या संथ प्रकारासाठी) मात्र ही दुप्पट-निमपट पुरत नाही. दर क्वेव्हरला एक ठोका दिला तर चाल फारच रेंगाळते. म्हणून क्वांट्स दोन ठोक्यांत तीन क्वेव्हर बसवतो. हे ३:२ चे, म्हणजे दीडपटीचे प्रमाण. क्वेव्हर मिनिटाला १२० होतो आणि मोठा ठोका ४०.

हे माप बाखच्या मधल्या मूव्हमेंटला लावून पाहू. २०० ÷ ४० = नेमकी ५ मिनिटे. लगेच तिसरी मूव्हमेंट अशी घेऊ, की आधीचा क्वेव्हर हाच नवा क्रॉचेट. मग ४६२ ÷ १२० = ३ मिनिटे ५१ सेकंद. पहिली ८० ने वाजवली तर ४ मिनिटे २४ सेकंद. कॉन्चेर्टोची योग्य लांबीही क्वांट्सने सांगून ठेवली आहे: पहिली मूव्हमेंट ५ मिनिटे, मधली ५ ते ६, शेवटची ३ ते ४. ऐकणाऱ्याला रचना लांब वाटण्यापेक्षा थोडकी वाटलेली बरी, असेही त्याचे मत. पहिली थोडी आखूड पडते, बाकीच्या दोन्ही त्याच्या मर्यादेत बसतात. हा मेळ सुंदर आहे, पण तो पुरावा नव्हे. क्वांट्सचा ग्रंथ बाखच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी आला, आणि बाखने त्या भागावर सिचिलियानो नव्हे, ‘लार्गो मा नॉन तांतो’ (संथ, पण फार नाही) लिहिले आहे.

शिवाय नाडी प्रत्येकाची वेगळी. ८० ऐवजी ६६ धरली, तर ५ मिनिटांची मूव्हमेंट ६ मिनिटे ४ सेकंदांची होते, म्हणजे आजच्या ध्वनिमुद्रणांच्या जवळ जाते. मिनिटे बदलतात, पण तीन लयींचे २:१:३ हे नाते तसेच राहते.

नाडीपेक्षा स्थिर साधन हवे असेल तर लंबक करा. एत्येन लुलिए या फ्रेंच संगीतज्ञाने १६९६ मध्येच असे लयमापक यंत्र वर्णिले होते. जड, लहान वजन दोऱ्याला बांधा. टांगण्याच्या बिंदूपासून वजनाच्या मध्यापर्यंत ५६ सेंटिमीटर ठेवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रत्येक झोका एक ठोका मोजला, की मिनिटाला ८० मिळतात. वेग दुप्पट हवा तर लांबी एक चतुर्थांश, १४ सेंटिमीटर. निमपट हवा तर चौपट, सव्वादोन मीटर. मिनिटाला २० साठी सुमारे ९ मीटर दोरा लागेल, म्हणून संथ लयीत ठोक्याचे भाग मोजावेत. झोका लहान ठेवा. ३० अंशांपर्यंत ओढून सोडला तर लय पावणेदोन टक्क्यांनी मंदावते.

वाजवताना प्रमाण मोडते ते बहुधा सांध्यावर. लार्गोच्या शेवटी सगळे सावकाश होतात आणि त्या मंदावलेल्या क्वेव्हरवरून पुढची लय घेतली, की तिसरी मूव्हमेंट जड होते. प्रमुख वादकाने शेवटच्या तीन-चार बारांआधीचा क्वेव्हर मनात धरून ठेवावा. संथ भागातली चूक महागही पडते: लार्गो ३२ वरून ३० वर आला तर २५ सेकंद वाढतात, तर तिसरी १०० वरून ९८ वर आली तर जेमतेम ६.

आता सुवर्ण गुणोत्तराचे दावे: रचनेतली महत्त्वाची जागा तिच्या लांबीच्या ०.६१८ भागावर येते, असे काहीजण म्हणतात. बाखच्या तिसऱ्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोची पहिली मूव्हमेंट १३६ बारांची, म्हणजे ०.६१८ चा बिंदू ८४ व्या बारला. समजा तिच्यात लक्षणीय अशा १५ जागा मानल्या आणि दोन बार इकडेतिकडे चालतील असे ठरवले. त्या जागा एकमेकींपासून पुरेशा दूर असतील तर ७५ बार व्यापले जातात, म्हणजे यदृच्छेने नेम लागण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. म्हणून कोणत्या जागा मोजायच्या आणि किती सूट द्यायची, हे शोधाआधी लिहून ठेवावे लागते. पुनरावृत्तीचेही तसेच. त्याच कॉन्चेर्टोच्या शेवटच्या मूव्हमेंटचे १२ आणि ३६ बारांचे दोन भाग आहेत, प्रमाण १:३, आणि दोन्ही दोनदा वाजतात. छापील बार मोजले तर पहिल्या मूव्हमेंटचे तिच्याशी प्रमाण १७:६ येते, वाजलेले मोजले तर १७:१२.