एनसीव्हीला येताना हातापायांना तेल नको

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एनसीव्ही (नर्व्ह कंडक्शन व्हेलॉसिटी, म्हणजे नसेतून संकेत किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी) लिहिलेलं असतं. आमच्याकडे येणारे बरेच जण उपाशीपोटी येतात आणि बसल्या बसल्या बाही वर सारून विचारतात, "रक्त कधी काढणार?" रक्त काढत नाही. आपण शीर म्हणतो ती रक्ताचीही आणि संवेदनेचीही, म्हणून हा घोळ. इथे तपासायचा तो मज्जातंतू. पेज पिऊन या, जेवून या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी मुळीच येऊ नका.

खरा त्रास तेलाचा. पायाला मुंग्या येतात म्हणून रात्री खोबरेल चोळलेलं असतं, सकाळी निघताना त्यावर बाम. बोटावर इलेक्ट्रोड चिकटवला की तो घसरतो. संवेदनेच्या नसेतून आम्हाला मिळणारा संकेत किती बारीक, तर पेन्सिल सेलच्या दीड व्होल्टचा साधारण लाखावा भाग. त्वचेवर तेलाचा थर असला की तो त्यातच अडकतो आणि पडद्यावर दिसते ती घरच्या विजेची थरथर. मग स्पिरिटने पुसा, साबणाने धुवा, परत चिकटवा. वीस मिनिटं गेली, आणि बाहेर सांग्याहून पहिल्या बसने आलेले काका घड्याळ बघत बसलेले. तपासणीच्या आदल्या रात्रीपासून तेल, बाम, क्रीम काही नको. साबणाने आंघोळ करून या, एवढंच.

"दुसरीकडे पंधरा मिनिटांत होतं, तुमच्याकडे पाऊण तास का?" हेही रोजचंच. मनगटाजवळ आणि कोपराजवळ अशा दोन ठिकाणी हलका झटका देऊन संकेत पोचायला लागलेल्या वेळेतला फरक मोजतात. अंतर 20 सेंटिमीटर आणि फरक 4 मिलिसेकंद आला तर वेग सेकंदाला 50 मीटर. हाताच्या निरोगी नसेत वेग साधारण एवढाच किंवा थोडा जास्त असतो, पायात थोडा कमी. पण त्वचा एक अंशाने गार झाली की वेग सेकंदाला दोनेक मीटरने उतरतो. पावसात पायलटच्या (मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसून आलेल्याचा हात चार अंशांनी गार असला तर 50 चे 42 होतात आणि धडधाकट माणूस रिपोर्टात आजारी ठरतो. म्हणून आम्ही आधी गरम पाण्याच्या पिशवीने हात शेकतो, तापमान बघतो, मगच मशीन चालू करतो. यात घाई करायला सांगू नका. झटक्याला घाबरू नका, तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. पेसमेकर असेल तर मात्र वेळ घेतानाच सांगा. काचेचा चुडा उतरवायची गरज नाही, वर सरकवला की झालं.

"नस कमजोर आहे, प्रतिकारशक्ती वाढवायला काय घेऊ?" या प्रश्नावर आम्ही जरा थबकतो. नसेवर विजेच्या वायरीसारखं मायलिनचं आवरण असतं, त्यामुळेच संकेत पळतो. जीबीएसमध्ये (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा एक आजार) ते बहुतेकदा आपलीच प्रतिकारयंत्रणा सोलते. जुलाब किंवा ताप येऊन जातो, जंतूशी लढायला शरीराने प्रतिपिंडं तयार केलेली असतात, आणि जंतूच्या अंगावरचे काही रेणू नसेवरच्या रेणूंसारखे असल्यामुळे मार आपल्याच नसेला बसतो. 2025 च्या जानेवारीत पुण्यात रुग्ण वाढले तेव्हा हे नाव घराघरांत पोचलं. अशा वेळी शक्ती वाढवायची नसते, तिला आवर घालायचा असतो. म्हणून काढे, पावडरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आम्ही त्या विकतही नाही.

आणि पायांतली ताकद दोन-चार दिवसांत कमी होत वर चढत असेल, तर आमच्याकडची वेळ मिळण्याची वाट बघू नका. सरळ बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जा. पहिल्या आठवड्यात ही तपासणी कधी कधी नॉर्मलही येते. तळपायांची नुसती आग होत असेल तेव्हाही तसंच, कारण आमचं मशीन जाड, वेगवान तंतूच मोजतं, बारीक नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे तुमचं दुखणं खोटं असं आम्ही कोणालाच सांगत नाही.

जुने रिपोर्ट असतील तर घेऊन या, शेजारी ठेवून तुलना करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आजीचं तेल घरी गेल्यावर खुशाल लावा.